हर्पिसचं निदान झालंय? घरात काय पाळायचं, जोडीदाराला काय सांगायचं

ओठाच्या कडेला किंवा लघवीच्या जागी पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका येतो. दोन-तीन दिवसांत तो फुटतो आणि झोंबायला लागतो. डॉक्टर 'हर्पिस' एवढं म्हणतात, गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. खरे प्रश्न त्यानंतर, घरी परतताना सुरू होतात. हे माझ्याकडे आलं कुणाकडून? माझा टॉवेल मुलांनी वापरला तर? लग्न ठरलंय, सांगावं की नाही? वाचकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, आणि त्यांत आजारापेक्षा संशयाचा त्रास जास्त दिसतो. म्हणून या लेखात एवढंच पाहू : हा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, कसा जात नाही, आणि हे कळल्यावर तुम्ही काय करायचं.

आधी कोणता हर्पिस ते विचारून घ्या

घरातली मोठी माणसं हर्पिस म्हटलं की 'नागीण' समजतात. नागीण हा वेगळा आजार आहे. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू पुढे कधीतरी जागा होतो आणि अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, ती नागीण. तिचं नाव हर्पिस झोस्टर. तिचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नाही. आपण बोलतोय ते हर्पिस सिम्प्लेक्सबद्दल. दोन्हींची औषधं एकाच गटातली असली तरी मात्रा वेगळी असते, म्हणून केसपेपरवर आजाराचं पूर्ण नाव लिहून मागा.

सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. प्रकार १ बहुधा ओठ-तोंडाजवळ दिसतो. कुणी त्याला ताप ओठावर फुटला म्हणतं, कुणी रात्री पाल किंवा कोळी फिरून गेला म्हणतं. प्रकार २ बहुधा जननेंद्रियांवर, गुदद्वाराजवळ, मांड्या-कुल्ल्यांवर दिसतो. ही वाटणी पक्की नाही. ओठावरचा प्रकार १ मुखमैथुनातून जननेंद्रियांवरही जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये प्रकार १ आहे, आणि १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये प्रकार २. त्यांतल्या बहुतेकांना एक तर काहीच त्रास होत नाही, किंवा झालेला त्रास हर्पिसचा आहे हे कळत नाही.

कसा पसरतो

विषाणू जिथे त्वचेवर आलेला असतो, त्या जागेचा थेट स्पर्श दुसऱ्याच्या नाजूक त्वचेला किंवा बारीक खरचटलेल्या जागेला झाला की तो पसरतो.

- ओठावर फोड असताना घेतलेला पापा किंवा चुंबन.
- योनीमार्गे, गुदमार्गे किंवा तोंडाने केलेला संभोग. आत प्रवेश झाला नाही, नुसती त्वचा त्वचेला घासली, तरीही.
- फोडाला लावलेला हात न धुता स्वतःच्या डोळ्याला लावणं. पहिल्याच संसर्गाच्या वेळी हा धोका जास्त असतो.
- प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला.

कसा पसरत नाही

शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही. त्यामुळे संडासाची सीट, बसमधला दांडा, एकत्र धुतलेले कपडे, एका ताटात जेवणं किंवा शेजारी झोपणं यांची भीती बाळगू नका. रामकुंडात किंवा गोदेच्या घाटावर डुबकी मारून, सावरकर जलतरण तलावात पोहून हा आजार होत नाही. सिंहस्थाच्या गर्दीत पाण्यातून इतर आजार पसरू शकतात, हर्पिस त्यांत नाही.

ओला टॉवेल, वस्तरा, लिपस्टिक, टपरीवरचा उष्टा ग्लास किंवा हातोहात फिरणारी बिडी यांतून संसर्ग होण्याची शक्यता कमी आहे. तरी ओठावर ताजे फोड असताना या वस्तू स्वतःपुरत्या ठेवा. तेवढंच पुरतं. घरातल्या माणसाची भांडी वेगळी करणं, त्याला वेगळ्या खोलीत झोपवणं याला काहीही आधार नाही आणि त्यानं माणूस आतून मोडतो. कृपा करून हे करू नका.

फोड नसतानाही विषाणू बाहेर येतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. फोड सुकले तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी, चेहऱ्याच्या किंवा कंबरेखालच्या भागात, झोपून राहतो आणि अधूनमधून त्वचेवर येतो. कधी फोड घेऊन येतो, कधी काहीही न दाखवता.

जननेंद्रियांच्या प्रकार २ बद्दल अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फोडांचा त्रास होता, त्यांच्या शंभर दिवसांपैकी सुमारे २० दिवस विषाणू त्वचेवर सापडला. ज्यांना कधी त्रासच झाला नव्हता, त्यांच्यातही सुमारे १० दिवस. म्हणजे ज्याला आपल्याला हर्पिस आहे याची कल्पनाही नाही, तो माणूससुद्धा तो दुसऱ्याला देऊ शकतो. बहुतेक संसर्ग असेच होतात.

'हे आलं कुणाकडून?' याचं उत्तर शोधत बसू नका

लग्नाला आठ वर्षं झाली आणि बायकोला आत्ता पहिल्यांदा फोड आले. घरात लगेच खटला उभा राहतो. नवरा तिच्यावर संशय घेतो, नाहीतर ती नवऱ्यावर. दोघांनी शांतपणे पुढच्या गोष्टी समजून घ्या.

पहिल्यांदा फोड दिसणं आणि पहिल्यांदा संसर्ग होणं या दोन वेगळ्या घटना असू शकतात. नवा संसर्ग झाला तर फोड साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात, हे खरं. पण पुष्कळांना त्या वेळी काहीच दिसत नाही आणि पहिले ठळक फोड काही महिन्यांनी किंवा वर्षांनी येतात. बाळंतपण, मोठं आजारपण किंवा खूप ताण असं निमित्तही त्याला पुरतं. संसर्ग लग्नाआधीचा असू शकतो. जोडीदाराकडून नकळत आलेला असू शकतो. फोड प्रकार १ चे असतील, तर तो जोडीदाराच्या ओठावरून आलेला असू शकतो, आणि जोडीदाराच्या ओठावर तो लहानपणी आजीच्या पाप्यातून आलेला असू शकतो.

रक्ततपासणी करून संसर्ग कोणत्या महिन्यातला, कुणाकडून आला हे सांगता येत नाही. कुणी डॉक्टर किंवा लॅबवाला तसं छातीठोक सांगत असेल, तर त्यावर विसंबून घर मोडू नका. जोडीदाराविषयी तुम्हाला दुसरी काही शंका असेल तर ती वेगळी बोला, या रिपोर्टचा पुरावा करू नका.

तपासणी : कोणती करायची, कोणती नाही

फोड ताजे असताना डॉक्टरांना दाखवणं सगळ्यात उपयोगी. ताज्या फोडातलं पाणी स्वॅबवर घेऊन केलेली पीसीआर तपासणी सगळ्यात खात्रीची, आणि तिच्यात प्रकारही कळतो. खपली धरल्यावर तिचा उपयोग कमी होत जातो. म्हणून 'दोन दिवस बघू' करत बसू नका.

रक्ततपासणीबद्दल मात्र सावध राहा.

- आयजीएम ही तपासणी नवा-जुना संसर्ग ओळखायला भरवशाची नाही. तिच्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका.
- आयजीजी प्रकारानुसार वेगवेगळी केली तर कधी कधी उपयोगी पडते. पण संसर्गानंतर ती पॉझिटिव्ह यायला १२ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. प्रकार २ चा जेमतेम पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट पुष्कळदा खोटा निघतो.
- प्रकार १ ची आयजीजी पॉझिटिव्ह आली, तर जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांत जे आहे ते तुमच्यातही आहे, एवढंच कळतं. शरीरात कुठे आहे ते कळत नाही.
- काहीही त्रास नसताना फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हर्पिसची तपासणी घालू नका.

गरोदरपणात आपल्याकडे सर्रास 'टॉर्च' नावाची तपासणी करतात. तिच्यात हर्पिसचं आयजीएम असतं. ते पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरलेल्या जोडप्यांना गर्भपाताचे सल्ले मिळतात. केवळ त्या आकड्यावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नका, दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

जननेंद्रियावर जखम असेल तर तिच्याबरोबर सिफिलिस आणि एचआयव्ही या दोन तपासण्या करून घ्या. सिफिलिसची जखम बहुधा दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तो पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो. आणि प्रकार २ असलेल्या माणसाला एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते.

नाशकात कुठे जाल?

त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात जा. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातर्फे 'सुरक्षा क्लिनिक' चालतं. लैंगिक आजारांसाठी तिथे समुपदेशक असतात आणि औषधं मोफत मिळतात. फोडांच्या हर्पिससाठी ठरलेलं किट लाल रंगाचं, म्हणजे पाच नंबरचं : असायक्लोविर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. एचआयव्हीची मोफत आणि गोपनीय तपासणी आयसीटीसी केंद्रात होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या वाचकांनी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारावं. समोरासमोर विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता बोला.

खासगीत जायचं असेल तर त्वचा आणि गुप्तरोग विषयात एमडी किंवा डीव्हीडी झालेले डॉक्टर गाठा. स्टँडजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' लिहिलेल्या ठिकाणी जाऊ नका. हर्पिस शरीरातून कायमचा घालवणारं औषध आज कोणत्याही पॅथीत नाही. 'मुळापासून काढतो' म्हणणारा तुमचे पैसे काढतो.

औषध किती उपयोगी?

बरंच. पहिल्या वेळी शक्यतो ७२ तासांच्या आत आणि पुन्हा उठल्यास पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या, तर फोड लवकर सुकतात. असायक्लोविर जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करावी लागते, ते डॉक्टरांना आधी सांगा.

वारंवार फोड येत असतील, किंवा जोडीदाराला संसर्ग नसेल, तर रोज थोड्या मात्रेत गोळी घेण्याचा पर्याय असतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,४८४ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला प्रकार २ होता, दुसऱ्याला नव्हता. आठ महिन्यांत, औषध न घेणाऱ्या गटात शंभरातल्या चारांपेक्षाही कमी जोडीदारांना संसर्ग झाला, रोज व्हॅलासायक्लोविर घेणाऱ्या गटात दोघांपेक्षाही कमी. सगळ्यांना कंडोम आणि सल्ला दिलेला होता. लग्न झालंय म्हणजे जोडीदाराला तो होणारच, असं समजून बसलेल्यांनी हे आकडे नीट पाहावेत.

आणखी एक. मेडिकलमध्ये 'खाजेची ट्यूब' म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमात बहुधा स्टेरॉइड असतं. ते फोडांवर लावू नका. चुना, तंबाखू, टूथपेस्टही नको. जागा मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला.

जोडीदाराला सांगताना आणि नंतर

फोड आलेले असताना किंवा भांडणाच्या भरात सांगू नका. शांत वेळ काढा. बोलणं साधं ठेवा : 'मला हर्पिसचा संसर्ग आहे. तो फार लोकांना असतो. तो पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो. तुला होऊ नये म्हणून काय करायचं ते मी विचारून आलोय.' लग्न ठरलेलं असेल तर लग्नाआधी, दोघांनीच बोलून घ्या. सगळ्या सोयरिकीत याची चर्चा करायची गरज नाही.

मग हे पाळा :

१. जागेवर मुंग्या, जळजळ किंवा खाज सुरू झाली की फोड दिसायची वाट न बघता लैंगिक संबंध थांबवा. खपली पडून नवी त्वचा येईपर्यंत थांबा. पहिल्या वेळी याला दोन ते चार आठवडे लागतात, नंतरच्या वेळी बहुधा दहा दिवसांच्या आत.
२. एरवी कंडोम वापरा. त्यानं धोका बराच कमी होतो, पण कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरून संसर्ग होऊ शकतो.
३. ओठावर फोड असताना तोंडाने संबंध नको.
४. रोजच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

नवरा कंडोमला तयार होत नसेल, तर एकट्या बाईनं त्याच्याशी झगडत राहण्यापेक्षा त्याला सुरक्षा क्लिनिकच्या समुपदेशकाकडे न्यावं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं पुष्कळदा उतरतं.

ओठावरचे फोड उन्हानंही उठतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षकाढणीला दिवसभर उन्हात असता, तेव्हा ओठांवरून पातळ रुमाल घ्या किंवा सनस्क्रीन असलेला लिप बाम लावा.

गरोदरपण आणि बाळंतिणीची खोली

घरातल्या प्रत्येकानं हा भाग वाचावा. मोठ्या माणसाला हर्पिस त्रास देतो, नवजात बाळाचा तो जीव घेऊ शकतो. बाळाला संसर्ग क्वचितच होतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दर एक लाख जन्मांमागे साधारण दहा बाळांना. पण घडतं, आणि ते टाळता येतं.

आईला गरोदरपणाआधीपासून हर्पिस असेल तर फार काळजी नको. तिच्या शरीरातली प्रतिकारद्रव्यं बाळालाही मिळालेली असतात आणि बाळाला संसर्ग होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी असते. खरा धोका आईला शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच संसर्ग झाला तर असतो. तेव्हा हीच शक्यता ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून :

- नवऱ्याला कधीही हर्पिस झाला असेल आणि बायकोला नसेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत संभोग टाळा. नवऱ्याच्या ओठावर फोड येत असतील तर मुखमैथुनही टाळा.
- पूर्वी एकदाही फोड आले असतील तर बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगा. ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या देता येतात.
- कळा सुरू होताना जागेवर फोड किंवा जळजळ असेल तर लपवू नका. अशा वेळी सिझेरियन करतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात तेही मोफत आहे.

बाळ घरी आल्यावर धोका ओठांवरून येतो. पाचवीला, बारशाला पाहुणे येतात, बाळ मांडीवरून मांडीवर फिरतं आणि प्रत्येक जण पापा घेतो. ज्याच्या ओठावर फोड किंवा ओली खपली आहे, त्यानं बाळाचा पापा घ्यायचा नाही, मग ती आजी असो, आत्या असो की स्वतः आई. पहिले दोन महिने तर कुणीच बाळाच्या तोंडाचा आणि हातांचा पापा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या आईला सासूबाईंना असं म्हणणं जड जातं. ते बाळाच्या बाबांनी म्हणावं, आणि बारशाच्या आधीच.

आईच्या ओठावर फोड असतील तर तिनं मास्क लावावा, हात साबणानं धुवावेत, आणि अंगावर पाजणं चालू ठेवावं. दूध पाजल्यानं हर्पिस होत नाही. फक्त स्तनावरच फोड असतील तर त्या बाजूनं पाजू नका, ती जागा झाकून ठेवा. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या बोटाला फोडांचा पुंजका दिसला, तर तो बरा होईपर्यंत हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, त्यांची मजुरी न कापता.

तालमीत

कुस्तीत गाल गालाला, मान मानेला घासते, आणि प्रकार १ तिथेही पसरतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या १९८९ च्या एका कुस्ती शिबिरात १७५ मुलांपैकी ६० जणांना तो झाला होता. भगूरसारख्या गावांना तालमीची परंपरा आहे. तिथल्या वस्तादांना विनंती : चेहऱ्यावर, मानेवर, दंडावर ताजे फोड असलेल्या पोराला खपली पूर्ण वाळेपर्यंत जोडीत उतरवू नका.

तुमचे हक्क

- गोपनीयता. तुमचं निदान तुमच्या परवानगीशिवाय सासरी, माहेरी किंवा कामाच्या ठिकाणी सांगणं हा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा भंग आहे.
- कागदपत्रं. तुमच्या उपचारांचे कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवेत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही तुमचा हक्क आहे.
- तपासताना सोबत. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर बाईजवळ दुसरी स्त्री हजर असावी. तसं मागा.
- एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही. २०१७ चा कायदा तसं सांगतो.
- घर. आजाराचं कारण काढून बायकोला राहत्या घरातून हाकलून देता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. तातडीच्या मदतीसाठी १८१.

लहान मुलाच्या जननेंद्रियावर फोड दिसले तर घरगुती उपाय करू नका आणि लपवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रत्येक वेळी अत्याचारच झालेला असतो असं नाही. पण ती शक्यता तपासणं मुलाच्या हिताचं आहे आणि तसा संशय आल्यास कळवणं कायद्यानं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८.

वाट न बघता दवाखान्यात जा

- डोळा लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही : त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब घालू नका, बुबुळाला इजा होऊ शकते.
- ताप, तीव्र डोकेदुखी, बरळणं, झटके.
- फोडांमुळे लघवी अडली.
- एक महिन्याच्या आतलं बाळ दूध ओढत नाही, सुस्त आहे, अंग तापलंय किंवा गार पडलंय, झटके येतायत, अंगावर पाण्याचे फोड आहेत : १०८ वर फोन करा आणि घरात कुणाच्या ओठावर फोड होते का ते डॉक्टरांना आपणहून सांगा.
- एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसाला फोड आले.

सुरक्षा क्लिनिकमध्ये पहिल्यांदा जाल तेव्हा शक्य असेल तर जोडीदाराला बरोबर न्या. दोघांनी एकाच समुपदेशकाकडून एकाच वेळी ऐकलं, तर घरी आल्यावर कुणाला कुणाची समजूत घालत बसावं लागत नाही.